कडेवरची नऊ मुलं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष हौशीरामशेठ, व्यासपीठावर विराजमान झालेले नगरपालिकेचे सभासद, वाचनालयाचे चिटणीस भिमाजीराव, आंदर मावळातून पहाटे निघून पायी इथवर आलेली माझी वडीलधारी मंडळी, स्टेशनातले माझे जुने सोबती, आणि उजव्या हाताला बसलेल्या माता-भगिनींनो,

लोणावळ्यानं आज माझा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, मानपत्र वाचून दाखवलं. एवढ्या लोकांसमोर एका जागी उभं राहायची मला सवय नाही. मी लोकांमधून ट्रे घेऊन चालत जाणारा माणूस. हात रिकामे असले की ते कुठं ठेवावेत हे मला समजत नाही. तेव्हा मी हे टेबल धरून बोललो तर तो उद्धटपणा समजू नये.

भिमाजीरावांनी मानपत्र फार सुरेख लिहिलंय. त्यात मला त्यांनी ‘गगनविहारी महिपती खांडभोर’ असं म्हटलंय. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मंडळी, विहार करणारे विमानात पुढं बसतात. मी मागं असतो. कुणाच्या कानाला दडे बसले तर कापसाचा बोळा देतो, विमान वर चढताना चघळायला पेपरमिंटची गोळी देतो, कुणाला ढवळून आलं तर कागदी पिशवी धरतो, आणि ती भरली की तोंडावरचं हसू न पुसता उचलून नेतो. माझा विहार तो एवढाच.

अध्यक्षमहाराजांनी आपल्या भाषणात दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी, की सत्तेचाळीस सालच्या त्या भयंकर दिवसांत मी जिवावर उदार होऊन शेकडो निर्वासितांना विमानानं सुखरूप आणलं. दुसरी त्यांनी जाता जाता सांगितली. आपल्या गावच्या ताजुन्निसाबाई उद्या सकाळच्या गाडीनं मुंबईला आणि तिथून बोटीनं कराचीला, आपल्या मुलाकडे, रज्जाककडे कायमच्या चालल्या आहेत, त्यांचाही प्रवास सुखाचा होवो. शेठ, आपण हे मनापासून बोललात. आपल्याबद्दल मला आदर आहे. पण या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत, आणि त्या खऱ्या नाहीत हे ठाऊक असलेला माणूस या गावात आज दुपारपर्यंत मी एकटाच होतो. ते सांगायलाच मी उभा राहिलो आहे. थोडा वेळ लागेल. कुणाला गाडी गाठायची असेल त्यांनी खुशाल उठावं.

तरुण मंडळींसाठी आधी थोडं मागचं सांगतो. स्टेशनावर साहेबलोकांच्या खाण्यापिण्याची जी रिफ्रेशमेंट रूम आहे, तिथं बद्रुद्दीनचाचा बटलर होते. ताजुन्निसामावशी त्यांची बायको, आणि रज्जाक त्यांचा एकुलता एक मुलगा. मी चौतीस साली सोळा वर्षांचा असताना चाचांच्या हाताखाली लागलो. पायात वहाण नव्हती. चाचांनी पहिल्या दिवशी माझे पाय बघितले आणि म्हणाले, “पाय चांगले हायत. डोंगरातला गडी हाय, पडायचा न्हाई.” रज्जाक माझ्याहून वर्षानं लहान, पण कामात माझ्याहून जुना. तो बापाच्या मागं ट्रे धरतच मोठा झालेला.

चाचांची शिकवायची तऱ्हा अशी, की कर्जतला आम्हा दोघांना मेलच्या खाण्याच्या डब्यात चढवायचं. हातात भरलेल्या कपांचा ट्रे. गाडी घाट चढते, वळणावर डबा कलंडतो, बोगद्यात आपलाच हात आपल्याला दिसत नाही. लोणावळ्याला उतरलो की चाचा फलाटावर उभे. बशीत थेंब दिसला तर तो गार चहा आम्ही प्यायचा. मी महिनाभर गार चहाच प्यालो. रज्जाकच्या बशा कोरड्या असायच्या. चाचा सांगायचे, नजर ट्रेवर ठेवू नका, ज्याला द्यायचं त्याच्यावर ठेवा. आणि सगळ्यांत शेवटी जेवतो तो वाढपी, हे ते रोज सांगायचे. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा.

बारा वर्षं आम्ही ते काम केलं. सेहेचाळीस साली एका विमान कंपनीची जाहिरात आली. विमानातल्या उतारूंची सरबराई करायला माणसं हवी होती. रज्जाकनं ती मला वाचून दाखवली आणि म्हणाला, “महिपत, ह्ये आपलंच काम हाय. फकस्त घाट जरा उंच हाय.” आम्ही दोघं मुंबईला गेलो. पस्तीस जण आले होते, मॅट्रिक झालेले, सूटबूट घातलेले. परीक्षा अशी घेतली, की उभ्या विमानात हातात सुपाच्या वाट्या देऊन चालायला लावलं, आणि बाहेरून चार कामगारांनी विमानाचं शेपूट धरून हलवलं. मॅट्रिकवाल्यांचे कोट भिजले. आम्ही चाललो. इंग्रज अधिकाऱ्यानं विचारलं, हे कुठं शिकलात? रज्जाकनं ‘भोर घाट’ म्हणून उत्तर दिलं. साहेबाला वाटलं ती एखादी शाळा असेल, त्यानं तसं लिहूनही घेतलं.

आज दुपारी तीन मुलं मला गाठून विचारत होती, विमानात कसं लागायचं? आता मुलींनाही घेतात, माझ्या पुतणीला लावता का, असंही एका गृहस्थांनी विचारलं. विचारणं चांगलं आहे. इंग्रजी शिका, प्रथमोपचार शिका, दात स्वच्छ ठेवा. पण एक गोष्ट जाहिरातीत लिहिलेली नसते, ती मी सांगतो. विमानात प्रत्येक गोष्टीला वजन असतं. उतारूला काट्यावर उभं करतात, त्याची ट्रंक काट्यावर ठेवतात. मला आणि रज्जाकलासुद्धा दर वेळी काट्यावर उभं करायचे. गाडीत वीस माणसं जास्त कोंबली तर फार तर भांडणं होतात. विमानात वजन जास्त झालं तर विमान उठत नाही, किंवा उठतं आणि पडतं. आम्हाला हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. पण बारा वर्षं रेल्वेत मुरलेला माणूस मी. वहीतलं वहीत राहिलं.

आता सप्टेंबर सत्तेचाळीस. पश्चिम पंजाबातून हिंदू-शीख निर्वासितांना दिल्लीला आणायची कामगिरी आमच्या कंपनीकडे होती. डकोटा विमानातल्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या, लोक जमिनीवर बसायचे. रज्जाकला कंपनीनं विचारलं होतं, तू मुसलमान, तुला हे काम नको असेल तर सांग. तो म्हणाला, पाणी देताना मी कुणाचं नाव विचारत नाही. मग आम्ही आपसात वाटणी करून घेतली. दिल्लीत रज्जाक विमानाबाहेर पाय ठेवत नसे, तिकडे पंजाबात मी ठेवत नसे. दिल्लीत खाणंपिणं खाली उतरून मी आणायचो, तिकडे तो आणायचा. दुसऱ्याला जिवंत ठेवायची आमची ही रीत होती. सोळा फेऱ्या अशा झाल्या.

सतरावी फेरी तिकडच्या एका लहानशा धावपट्टीवर होती. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता, पट्टीच्या कडेला तळी साचली होती. कुंपणापलीकडच्या छावणीत हजारेक माणसं असतील. त्या गर्दीत काटा लावणं शक्यच नव्हतं. पायलट मला म्हणाला, डोकी मोज, बावन्नच्या वर एकही नको. मी दारात उभा राहिलो आणि मोजली. बरोबर बावन्न झाली, दार लावलं.

विमान धावलं. अर्धी पट्टी गेली, पाऊण गेली. उठेना. पायलटनं कसंबसं थांबवलं, पुढं दहा हातांवर नाला होता. तो मागं आला, तोंड पांढरं पडलेलं. विचारलं, किती आहेत? म्हटलं, बावन्न. तो म्हणाला, पुन्हा मोज. मी पुन्हा मोजायला लागलो, तर तो माझ्यामागून स्वतः मोजत आला. एकसष्ट झाली. वरची नऊ कुठून आली, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, साहेब, ती कडेवरची आहेत.

मंडळी, आपण हसू नका. रेल्वेत तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसतं. कडेवरचं पोर मोजायचं नाही, हे माझ्या डोळ्यांत बसलेलं होतं. बाई दिसली की मी बाई मोजली, तिच्या कडेवर काय आहे तिकडे माझी नजरच गेली नाही. कुठल्याही गाढवानं ही चूक केली नसती. ती करायला रेल्वेतलाच माणूस लागतो. पायलट मला एवढंच म्हणाला, कडेवरच्या पोराला विमानात वजन नसतं, असं तुला कुणी सांगितलं?

मग त्यानं हुकूम दिला. पाण्याची दोन्ही पिंपं खाली काढा, खाण्याच्या पेट्या खाली, सगळी गाठोडी खाली, आणि एक मोठा माणूस खाली. कोण, ते तुम्ही ठरवा. पाच मिनिटांत.

ही पाच मिनिटं मी कुणाला नीट सांगू शकणार नाही. बायांनी पोरं पदराखाली घेतली. एक म्हातारा भिंतीला धरून आपणहून उठायला लागला. रज्जाकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग मला मागच्या कोपऱ्यात ओढून नेलं. मी म्हणालो, चूक माझी, मी उतरतो. हे मी म्हणालो, पण ते किती हळू म्हणालो हे मला माहीत आहे. रज्जाक म्हणाला, “येड्यागत बोलू नगं. तू उतारलास तर सकाळी हाडं गोळा करावी लागत्याल. मला हितं कोन काय करतंय? नाव सांगितलं की झालं. आपली वाटनी ठरल्याली हाय, हितं माझी पाळी.” आणि दाराशी गेल्यावर वळून म्हणाला, “पानी आन खानं खाली ठिवताय, मग वाढायला कोन? सकाळी ये मला घ्यायला.”

तो उतरला आणि दार मी लावलं. या खेपेला विमान उठलं. ती नऊ मुलं दिल्लीला सुखरूप पोचली.

त्याच संध्याकाळी दिल्लीत माझ्यापुढं एक छापील कागद आला. विमानावरचा एक नोकर परत आलेला नाही, कारण लिहा. मी लिहिलं, ‘सहकारी रज्जाक स्वखुशीनं उतरला.’ शब्द खरा होता. त्याला कुणी ढकललं नव्हतं. का उतरला, हे विचारायला कागदावर जागाच नव्हती, आणि जागा नाही म्हणून मला बरं वाटलं. सकाळी त्याला घ्यायला जायचंच आहे, मग एवढं कशाला लिहा, असंही मी स्वतःला समजावलं.

सकाळी गेलो नाही. पाऊस वाढला, ती धावपट्टी चार दिवस पाण्याखाली होती. नंतर आमचं विमान दुसऱ्याच गावी पाठवलं. बाराव्या दिवशी तिथं विमानात चढताना एका शाळामास्तरांनी माझा पांढरा कोट, रज्जाकचा होता तसाच, बघितला आणि ते दारातच थांबले. ते त्या छावणीतून ट्रकनं आले होते. त्यांनी सांगितलं ते असं.

रज्जाकनं त्या रात्री लोकांची रांग लावली, आधी मुलं, मग बाया, आणि ओगराळ्यानं पाणी वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पिंपं रिकामी झाली. छावणीतल्या कुणाला कुंपणाबाहेर जायची सोय नव्हती, एकट्या रज्जाकला होती. तो गावातल्या विहिरीवरून पाणी आणायला लागला, खांद्यावर काठी आणि दोन डबे, दिवसभर. वाटून झालं की उरलं तर स्वतः प्यायचा. तिसऱ्या दिवशी छावणीत पटकी आली. ती कुणाला सोडत नाही. संध्याकाळी रज्जाक गेला. मास्तरांनी आणि दोन शीख शेतकऱ्यांनी खड्डा खणला. तोंड कुठल्या दिशेला करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारलं. त्या शिपायानं बूट काढून आत येऊन दिशा दाखवली आणि मग तोही माती लोटायला बसला.

मास्तरांनी मला विचारलं, त्याच्या घरी कुणी आहे का? मी म्हणालो, आई-वडील आहेत. ते म्हणाले, तुम्ही कळवाल ना? मी म्हणालो, कळवीन.

आज त्याला दीड वर्ष झालं.

का कळवलं नाही? तो कसा गेला हे सांगायचं तर तो का उतरला हे सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर नऊ मुलं मोजायची राहिली हे सांगावं लागणार. मोजणीत चुकलेल्या माणसाला कंपनी ठेवत नाही. पुढच्या महिन्यात सांगू, असं करत राहिलो. मधल्या काळात मी वर चढत गेलो. गेल्या जूनपासून विलायतेच्या विमानावर आहे, चार माणसं माझ्या हाताखाली आहेत. नव्या लोकांना मी मोजायला शिकवतो. फार कडक शिकवतो म्हणून साहेब माझी तारीफ करतात. मानपत्रात ज्या चढत्या कारकिर्दीचा उल्लेख आहे, ती या पायावर उभी आहे.

कंपनीनं माझ्या त्या एका ओळीवरून बद्रुद्दीनचाचांना पत्र लिहिलं, की आपला मुलगा स्वखुशीनं नोकरी सोडून पाकिस्तानात राहिला आहे. पुढचं आपण सगळे जाणताच. पत्र पोस्टमननं वाचून दाखवलं आणि दुपारपर्यंत ते बाजारभर झालं. कोण काय बोललं त्यांची नावं मी घेत नाही. या सभागृहात बसलेले कितीतरी जण त्या फलाटावर चाचांना विचारायचे, “काय चाचा, पोराचं पत्र आलं का तिकडनं?” आणि हसायचे. चाचांनी फलाटावर यायचं सोडलं. तीस वर्षं ज्या माणसानं या गावच्या स्टेशनात लोकांना वाढलं, त्याच्या दारावरून जाताना लोक रस्ता बदलायला लागले. पण मला आपल्यावर चिडायचा अधिकार नाही. आपल्याला खोटं मी पुरवलं होतं.

चैत्रात मी चाचांना भेटायला आलो होतो. सांगायचंच असं ठरवून आलो होतो. चाचा खाटेवर होते. मला म्हणाले, “महिपत, त्याला शेवटचा तू बगितलास. तोंड लपवून गेला का रं?” मी म्हणालो, “न्हाई चाचा, हसत गेला.” हेही खरं होतं. चाचांनी तोंड भिंतीकडे केलं. आपल्याला सोडून जाताना पोरगा हसत होता, एवढंच त्यांना कळलं. श्रावणात ते गेले. मी त्या दिवशी लंडनला होतो, आणि खरं सांगतो, लंडनला आहे म्हणून सुटलो असं मला वाटलं. त्यानंतर लोणावळ्यावरून गाडीनं गेलो की मी खिडकीची फळी लावून घ्यायचो.

आज सत्काराला यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण भिमाजीरावांच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की ताजुन्निसाबाईंना कराचीचा परवाना मिळाला, त्या सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी निघणार. तिकडे जाऊन आलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की कराचीतल्या एका मोठ्या हॉटेलात रज्जाकसारखा माणूस पांढऱ्या कोटात दिसला. आपल्याला माहीतच आहे, एकदा कायमचं म्हणून तिकडे गेलेल्या माणसाला आता परतीचा रस्ता नाही. ही बाई घरदार मोडून, जो माणूस पृथ्वीवर नाही त्याला शोधायला, जिथून परत येता येत नाही तिथं चालली होती. म्हणून आलो.

मंडळींपैकी काही जण माझ्याकडे आता ज्या नजरेनं बघताहेत ती मी ओळखतो. आईच्या देखत, भरल्या सभेत असं सांगतात का, असं आपल्याला वाटत असेल. बरोबर आहे. म्हणून मी आज चार वाजता आधी मावशींच्या घरी गेलो. दोन ट्रंका बांधून दारात ठेवल्या होत्या. मावशींनी चहा टाकला. मी विचारलं, “मावशी, कराचीत पत्ता काय?” त्या म्हणाल्या, “पत्ता कशाला? मोठमोठ्या हाटेलांच्या दाराशी हुबी ऱ्हाईन. ट्रे धरायची त्याची तऱ्हा मी लांबनं वळखीन.”

मग मी सांगितलं. आपल्याला जे सांगितलं तेच, याच क्रमानं.

मावशी रडल्या नाहीत. चुलीवरचा चहा उतू गेला, तो त्यांनी उतरवला, चूल पुसली. मग विचारलं, “त्याला शेवटी पानी कुनी दिलं का?” मी म्हणालो, मास्तरांच्या बायकोनं दिलं. हे मास्तरांनी खरंच मला सांगितलं होतं. मावशी म्हणाल्या, “मास्तरीनबाईचं भलं हुईल.” आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू त्याला न्यायला गेला न्हाईस त्ये पावसानं. मला सांगाया आला न्हाईस, तवा कुटला पाऊस व्हता?”

मी उठलो. त्या म्हणाल्या, “बस. अजून झालं न्हाई. मला हितं सांगितलंस, त्ये झालं माझ्यापुरतं. आता जितं तुला हार घालत्याल तितं सांग. माझा ल्योक पळाला, असं ह्या गावानं माझ्या मालकाच्या कानात शेवटपत्तुर घातलं. आता गावाच्या कानात तू घाल. मी येते ऐकाया.”

त्या आल्या आहेत. पुढच्या बाकावर आहेत. आम्ही दोघं चालतच आलो, त्या पुढं आणि मी दहा पावलं मागं.

आता आभाराचं. वाचनालयाच्या कार्यकारिणीचे मी मनःपूर्वक आभार मानतो. ज्यांनी खुर्च्या लावल्या, दिवे आणले, त्यांचेही मानतो. मानपत्र मी या टेबलावर ठेवून जातो आहे, त्याचा अपमान समजू नये. उद्या मुंबईला पोचलो की कंपनीच्या कचेरीत जाऊन मी सगळं लिहून देणार आहे, एकसष्ट माणसं, मी मोजली बावन्न, आणि बाकीचं. त्यानंतर तो पांढरा कोट माझ्या अंगावर राहील असं वाटत नाही. ते कंपनी बघेल.

अध्यक्षमहाराज, एक विनंती मात्र आपल्याला आणि या सभेला आहे. निघताना मी मावशींना विचारलं, आता ट्रंका सोडायच्या ना? त्या म्हणाल्या, “जायाचं कुनाकडं, त्ये सपलं. पर हितं ऱ्हायाचं कुनाच्या तोंडाकडं बगून, त्ये गावानं सांगावं.” उद्याची गाडी सकाळी सात चाळीसची आहे. ट्रंका अजून दारात बांधलेल्याच आहेत. मी काही त्या सोडू शकत नाही, माझा त्या घरावर हक्क राहिलेला नाही. ज्यांनी चाचांना फलाटावर प्रश्न विचारले, त्यांना मी हात जोडून सांगतो, उद्या सातच्या आत त्या दाराशी जा. काय बोलायचं ते मी शिकवू शकत नाही.

बोलण्याच्या भरात मान्यवरांपैकी कुणाचं नाव राहिलं असेल, कुठं शब्द वाकडा गेला असेल, तर तेवढं सांभाळून घ्या. बाकीच्यासाठी मी आपल्याकडे क्षमा मागत नाही. ती देणं आपल्या हाती नाही. ज्यांच्या हाती आहे त्यांनी अजून दिलेली नाही, आणि द्यावी असा माझा आग्रहही नाही.

मावशी, तुम्ही सांगितलंत तसं सगळ्या गावादेखत सांगतो. तुमचा रज्जाक पळाला नाही. तो कामावर होता.